तितराला भ्यालेला घोडा

मुलांनो, नीट ऐका. खिंडीखालच्या एका रानात घोड्यांचा कळप राहत असे. पुढे चालण्याचा मान एका उमद्या घोड्याचा होता. एक दिवस झुडपातून भर्रकन एक तितर उडाला आणि हा एवढा मोठा घोडा दचकून खड्ड्यात कमरेवर आपटला. कोणी पाहिले नाही. उठला तेव्हा मागचा पाय टेकवत नव्हता. रानातले गवत संपत आले होते. चार दिवसांनी कळप खिंड ओलांडणार होता. लंगड्याला पुढे कोण ठेवणार?

त्या रानात दोन जाणकार होते. सांधा सरकला तर वानर तो बसवी. अंग आखडले तर अस्वल ते चोळून मोकळे करी.

"पडलाबिडलास का रे?" वानराने विचारले. "पडला असशील तर मी पाहतो. नुसतं आखडलं असेल तर अस्वलदादाकडे जा."

"मी कशाला पडतोय? दौड जास्त झाली," घोडा म्हणाला.

"मग माझं काम नाही."

अस्वलाने तीन दिवस मोहाच्या तेलाने कंबर चोळली. दुखणे वाढले. "गड्या, दौडीने आखडलेलं अंग हाताला असं लागत नाही. खरं सांग."

"तुझे हातच जड आहेत," घोडा म्हणाला, आणि कळपातही तेच सांगत सुटला.

ते बोलणे रानभर पसरले. चौथ्या दिवशी रोज येणारी म्हातारी सांबरीण अस्वलाकडे आली नाही. गवा अर्ध्या वाटेतून परतला. अस्वल तेलाचा द्रोण पुढे घेऊन एकटेच बसले होते. ते पाहून घोड्याची मान खाली गेली. तो कळपासमोर जाऊन म्हणाला, "मी तितराला भिऊन पडलो. अस्वलदादाचा दोष नाही. मी खोटं बोललो."

शिंगरे हसली. एक घोडी म्हणाली, "तितराला? आणि आम्ही वाघाच्या रानातून तुझ्यामागे चालत होतो."

घोडा तसाच लंगडत वानराकडे गेला.

वानराने सांधा बसवला. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर आज पुढे चालला असतास. आता महिनाभर सावकाश."

मग घोड्याने अस्वलाची माफी मागितली. "कळपाला सांगितलंस, बरं केलंस," अस्वल म्हणाले. "पण सांबरीण अजून आलेली नाही."

घोडा लंगडत सांबरिणीकडे निघाला. तिकडे कळप खिंडीला लागला. पुढे दुसरा घोडा होता.

तात्पर्य : दुखणे कशाने आले हे लाजेपायी लपवणारा चुकीच्या दारी जातो, आणि ते दार उगाच बदनाम करतो.