बाबांच्या छातीतला भाता

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं, बरं का. होती एक इवलीशी वाडी आणि तिच्या टोकाला रंगनाथ लोहाराची झोपडी. तिथं त्याची लेक मंजुळा राहायची. परकराला ठिगळं, पण डोळे कसे टपोरे, लुकलुकते.

मंजुळाच्या घरी बाळ आलं होतं. गुलाबी गुलाबी, चिमुकल्या मुठी आवळलेलं. पण आईला ताप चढला आणि बाळाचं रडणं काही थांबेना. मंजुळा त्याला मांडीवर घेऊन थोपटायची, थोपटून थोपटून दमायची. आईचा जरा डोळा लागला की बाळाचा सूर लागलाच.

"हिला झोप मिळाली नाही, तर ताप उतरायचा नाही," सुईणबाई म्हणाल्या.

आणि बाबा? मिशा भरघोस, दंड पिळदार, पण बाळाजवळ गेले की हात पाठीमागे. "पुरुषमाणूस तान्हं घेत नाही," असं म्हणून अंगणात जाऊन बसायचे. भट्टीही थंडच होती, कारण भाता ओढायची ती आई.

उन्हाळ्याचे दिवस. परसात मोगऱ्याचं रोपटं माना टाकून उभं होतं. मंजुळाला राहवेना. तिनं आपल्या वाटणीचं तांब्याभर पाणी त्याला घातलं.

तोच पानाआडून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. जांभळे-सोनेरी पंख, पायांत दवाची पैंजणं.

"माझा जीव वाचवलास गं बाळे," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण नेम दोन आहेत. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्यानं मनातलं खरं बोलायला हवं, ही कळी सुकायच्या आत."

मंजुळानं जरासुद्धा विचार केला नाही. "बाबांना बाळ घेता येऊ दे."

परीनं तिच्या तळहातावर चमचमती कळी ठेवली. मंजुळा धावतच अंगणात आली.

"बाबा, तुम्ही बाळाला का घेत नाही?"

"सांगितलं ना, पुरुषमाणूस..."

कळीची कड तपकिरी झाली. मंजुळानं बाबांचा हात धरून ओढला.

"ते नको, बाबा. खरं सांगा ना."

बाबांनी आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

"हे घणाचे हात, मंजे. यांच्यात लोखंड वाकतं. बाळाला काही झालं तर? मला भीती वाटते गं."

कळी चटकन उमलली. अंगणभर वास दरवळला. बाबा उठले, राखेनं हात खसखसून धुतले आणि आत गेले.

"मान धरा," मंजुळा म्हणाली.

"अशी?"

"हां, अश्शी."

बाबांनी बाळाला छातीशी घेतलं. भीतीनं त्यांचा श्वास मोठमोठ्यानं चालला होता, हुस्सऽ... फुस्सऽ... हुस्सऽ... फुस्सऽ... आणि काय नवल, बाळ गप्प झालं.

आई डोळे किलकिले करून हसली. "अहो, त्याला भाता ऐकू येतोय. मी ओढायचे तेव्हा पोटातून तेच ऐकत होता की तो. इतके दिवस तेच शोधत होता बघा." एवढं बोलून ती गाढ झोपली.

शेजारचे तुकाभाऊ दारात येऊन फिदीफिदी हसले. "काय रंगबा, तूच बाळंतीण झालास की काय?"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "पोर निजलंय."

दिवस कलला तसा आईला घाम फुटला, ताप उतरला. मंजुळा दाराशी उभी राहून बघत होती. बाळ आल्यापासून तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं. पण स्वतःसाठी मागायचं नव्हतं ना, म्हणून ती काही बोलली नाही.

बाबांनी मान वर केली आणि दुसरा हात पसरला.

"ये गं मंजे. हा हात रिकामाच आहे."

मंजुळा त्या हातात शिरली. झोपडीत केशरी उजेड भरला, पैंजणं एकदाच वाजली आणि परी त्या उजेडात विरून गेली. मंजुळानं बाबांच्या छातीला कान लावला. आत भाता चालला होता, हुस्सऽ... फुस्सऽ... ऐकता ऐकता तीही झोपून गेली.