ठमीचं तिळाचं नाव

एक होती चिचुंद्री. तिचं नाव ठमी.

ठमी! नीट ऐकलंत ना? ऐकून ठेवा. वाडीत कुणीच ऐकून ठेवलं नव्हतं.

ठमी राहायची गोठ्यामागच्या विटांच्या ढिगात. तिचं काम एकच. सण आला की कार्ड काढायचं. शेपटीचं टोक हळदीत बुडवायचं. शेपटीचं टोक कुंकवात बुडवायचं. शेपटीचं टोक काजळीत बुडवायचं. फर्र फर्र, फर्र फर्र. झालं कार्ड!

आणि कार्डं तरी कशी! पोळ्याला खोंडाच्या डोक्यावर फेटा. दसऱ्याला मुंग्यांची रांग, एकेकीच्या डोक्यावर आपट्याचं पान. दिवाळीला कावळ्याच्या चोचीत फुलबाजी. सगळे म्हणायचे, "छान छान!" कार्ड घ्यायचे आणि घरी न्यायचे. कोपऱ्यात ठमीचं नाव असायचं. ते कोण बघतो!

वाडीत एक कोंबडा होता. त्याचं नाव तुरेराव. लाल तुरा, सोनेरी पंख. आवाज असा, की झोपलेला डोंगरसुद्धा डोळे उघडेल. सगळी वाडी तुरेरावांची चाहती. आणि सगळ्यांत मोठी चाहती कोण? आपली ठमी.

संक्रांत आली. ठमीनं तुरेरावांचं कार्ड काढायला घेतलं. संक्रांतीला काळे कपडे घालतात ना? म्हणून पुठ्ठा काळा. त्यावर तुरेराव. गळ्यात हलव्याचा हार. पायात हलव्याचे तोडे. तुऱ्यावर हलव्याचा मुकुट. एकेक हलवा म्हणजे चुन्याचा एकेक ठिपका. ठिपका, ठिपका, ठिपका. ठिपके देता देता रथसप्तमी उजाडली. तिळगुळाचा शेवटचा दिवस! आज संध्याकाळी सगळी वाडी तुरेरावांच्या खुराड्यापाशी जमणार होती.

आणि ठमीचं नाव लिहायचं राहिलं होतं.

हळद संपली. कुंकू संपलं. चुना संपला. उरली नुसती काजळी. काळ्यावर काळं दिसतं का? नाही दिसत. मग ठमीनं घरातले पांढरे तीळ काढले. होते नव्हते तेवढे सगळे. भाताच्या शितानं एकेक तीळ चिकटवला. कोपऱ्यात नाव झालं. ठमी!

पाठीवर कार्ड घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. ठमी गेली तुरेरावांकडं.

"तुरेराव, तुरेराव, तुमच्यासाठी कार्ड आणलंय."

तुरेरावांनी एक डोळा मिटून बघितलं. दुसरा डोळा मिटून बघितलं. "वा! काय दिसतोय मी!" मग त्यांची नजर गेली कोपऱ्यात. टक्. टक् टक्. टक् टक् टक्.

संपलं नाव.

"अहो, ते माझं नाव होतं!" ठमी ओरडली.

"नाव होतं? खमंग होतं," तुरेराव म्हणाले. "अजून आहे का?"

ठमीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग आता सगळ्यांना कसं कळणार, कार्ड मी काढलंय ते?"

"कळायचंय कशाला? चित्र माझं आहे ना? तुला हवंच असेल तर तीळ आण आणि लाव पुन्हा. मी कुठं नाही म्हणतो? पण संध्याकाळच्या आत आण हं, चिचुंद्रे. चाहते येणारेत माझे."

बघा, म्हणजे खाल्लं यांनी आणि आणायचं तिनं! पण ठमी करते काय? आज नाव लागलं नाही, तर वर्षभर सगळे तेच म्हणणार. "छान आहे. कुणी काढलंय कोण जाणे!"

पाठीवर कार्ड घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. ठमी गेली मुंगीकडं.

मुंगीच्या दारात चिखल होता. चिखलावर दसऱ्याचं कार्ड टाकलं होतं. सगळ्या मुंग्या ठमीच्या नावावर पाय देऊन ये-जा करत होत्या.

"मुंगीताई, मुंगीताई, तीळ दे.
तिळाविना नाव होईना,
नावाविना मला कुणी विचारीना!"

मुंगी म्हणाली, "तीळ आहेत कोठारात. कोठाराच्या तोंडावर पडलंय ढेकूळ. आधी ढेकूळ हलव, मग तीळ. नाहीतर मी नाही ज्जा!"

ठमीनं ढेकूळ ढकललं. हुंऽऽ! हुंऽऽ! ढेकूळ जागचं हललं नाही.

पाठीवर कार्ड घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. ठमी गेली खोंडाकडं.

खोंड गोठ्यात तीन पायांवर उभा होता. वर पोळ्याचं कार्ड. फेटा होता तसाच होता. कोपरा मात्र खोंडानं चघळून टाकला होता.

"खोंडदादा, खोंडदादा, ढेकूळ हलव.
मुंगी तीळ देईना,
तिळाविना नाव होईना,
नावाविना मला कुणी विचारीना!"

खोंड म्हणाला, "हम्माऽऽ! पायात काटा रुतलाय माझ्या. तुला नावाचं पडलंय! आधी काटा काढ, मग ढेकूळ. नाहीतर मी नाही ज्जा!"

ठमीनं काटा ओढला. हुंऽऽ! हुंऽऽ! काटा खोल होता. ठमी धपकन पडली.

पाठीवर कार्ड घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. ठमी गेली कावळ्याकडं.

कावळा घरट्यात बसला होता. बुडाखाली काय? दिवाळीचं कार्ड. काड्या टोचू नयेत म्हणून!

"कावळोबा, कावळोबा, काटा काढ.
खोंड ढेकूळ हलवीना,
मुंगी तीळ देईना,
तिळाविना नाव होईना,
नावाविना मला कुणी विचारीना!"

कावळा काही बोलेचना. नुसता म्म्म, म्म्म! मेल्यानं कुणाचा तरी तिळगूळ पळवला होता. चिक्कीच्या गुळानं चोच घट्ट चिकटली होती. चोचीच्या कडेकडेनं तो म्हणाला, "शोश शिकटलीय! आदी फाणी आण, मग काता. नाईतल मी नाई ज्जा!"

पाठीवर कार्ड घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. ठमी गेली रांजणाकडं.

रांजणाच्या पोटावर गुढीपाडव्याचं कार्ड चिकटवलं होतं. गुढी होती, कडुलिंबाचा डहाळा होता. नाव पाझरून पाझरून पुसलं होतं.

"रांजणबाबा, रांजणबाबा, पाणी दे.
कावळा काटा काढीना,
खोंड ढेकूळ हलवीना,
मुंगी तीळ देईना,
तिळाविना नाव होईना,
नावाविना मला कुणी विचारीना!"

रांजण घुमला, "घुम्म! घुम्म! डोक्यावर दगडी झाकण आहे माझ्या. पाणी काय कानातून देऊ? आधी झाकण उघड, मग पाणी. नाहीतर मी नाही ज्जा!"

आता ऊन कललं होतं. खुराड्याकडून तुरेरावांची आरोळी आली, "कुकूच कूऽऽ! या हो, या!"

पाठीवर कार्ड घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. ठमी धावत गेली वानराकडं.

वानर बाभळीवर लोंबकळत होता. ठमीनं त्याला होळीचं कार्ड दिलं होतं. काळ्या तोंडाच्या वानराला गुलाबी गुलाबी रंगवलं होतं. त्यानं काय केलं? कार्डाला मांजा बांधला आणि केला पतंग! पतंग अडकला बाभळीत. मांजा गुरफटला शेपटीला. कार्ड घेताना गोड बोलायचं, आणि मग हे असं!

"वानरभाऊ, वानरभाऊ, झाकण उघड.
रांजण पाणी देईना,
कावळा काटा काढीना,
खोंड ढेकूळ हलवीना,
मुंगी तीळ देईना,
तिळाविना नाव होईना,
नावाविना मला कुणी विचारीना!"

वानर ओरडला, "हुप्प! दिसत नाही का? शेपूट अडकलंय माझं. आधी मांजा तोड, मग झाकण. नाहीतर मी नाही ज्जा!"

"मांजा कोण तोडेल?" ठमीनं विचारलं.

"मला काय ठाऊक? बोलाव कुणाला तरी."

ठमीनं इकडं बघितलं. कुणी नाही. ठमीनं तिकडं बघितलं. कुणी नाही. सगळी वाडी खुराड्याकडं निघाली होती. ठमी एकटीच बाभळीखाली उभी राहिली आणि एकटीच म्हणाली,

"वानर झाकण उघडीना,
रांजण पाणी देईना,
कावळा काटा काढीना,
खोंड ढेकूळ हलवीना,
मुंगी तीळ देईना,
तिळाविना नाव होईना,
नावाविना मला कुणी विचारीना!"

कुणी ओ दिली नाही. मग ठमीला राग आला. फार राग आला. तिनं पाठीवरचं कार्ड खाली ठेवलं आणि ती बाभळीवर चढली. खर्र खर्र, खर्र खर्र. काटे टोचले. तरी चढली. मांजाला काच लावलेली असते. ठमीनं तो दातांत धरला. कर्र कर्र. कर्र कर्र. ओठ कापला. रक्त आलं. कर्र कर्र. कर्र कर्र.

तट्ट!

ठमीनं मांजा तोडला.
वानरानं झाकण उघडलं.
रांजणानं पाणी दिलं.
कावळ्याची चोच सुटली. कावळ्यानं काटा काढला.
खोंडानं ढेकूळ हलवलं.
मुंगीनं तीळ दिले.

आणि मग रांजण सोडून बाकी सगळे कुठं गेले? पळाले खुराड्याकडं. तिळगूळ होता ना तिकडं! ठमीसाठी कुणी थांबलं नाही.

ठमी बाभळीखाली बसली. तिनं बाभळीचा डिंक आणला. एकेक तीळ लावला. वरून पुन्हा डिंक फासला, चांगला जाड. आता खाऊन दाखवा म्हणावं! कोपऱ्यात नाव झालं. ठमी!

पाठीवर कार्ड घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. ठमी पोचली खुराड्यापाशी.

तिथं ही गर्दी! "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला! तिळगूळ घ्या, गोड गोड बोला!" सगळे खात होते. सगळे बोलत होते. तुरेराव कुंपणावर उभे होते.

"आलीस का? आण ते कार्ड," तुरेराव म्हणाले. "केव्हाचे थांबलेत सगळे."

ठमीनं कार्ड दोन्ही हातांनी धरलं. सोडलंच नाही.

"आधी नाव घ्या, मग कार्ड," ठमी म्हणाली. "नाहीतर मी नाही ज्जा!"

हे तिला कुणी शिकवलं? दिवसभर सगळ्यांनीच शिकवलं.

"कुणाचं नाव घेऊ?" तुरेरावांनी विचारलं.

"चित्र काढणारीचं."

तुरेरावांनी तुरा हलवला. घसा खाकरला. मुंगीकडं बघितलं. मुंगीनं खोंडाकडं बघितलं. खोंडानं कावळ्याकडं बघितलं. कावळ्यानं वानराकडं बघितलं. वानरानं डोकं खाजवलं. एवढी कार्डं! एवढे सण! आणि नाव एकालाही येईना.

"लिहिलंय कोपऱ्यात," ठमी म्हणाली. "वाचा. चोच लांब ठेवून वाचा."

तुरेरावांनी मान वाकडी केली. "ठ," ते म्हणाले. "मी."

"मला ऐकू आलं. त्यांना नाही आलं. डोंगराला उठवता ना, तेवढ्या मोठ्यानं म्हणा."

तुरेरावांना कार्ड हवं होतं. फार फार हवं होतं. त्यांनी पंख फडफडवले. फडफड फडफड! त्यांनी छाती फुगवली. आणि ते ओरडले,

"ठमीऽऽऽ! ठमीऽऽऽ! हे कार्ड ठमीनं काढलंऽऽऽ!"

गोठ्यापर्यंत ऐकू गेलं. ओढ्यापर्यंत ऐकू गेलं. ओढ्यापलीकडच्या वाडीतसुद्धा ऐकू गेलं. तिळगूळ चघळणारी तोंडं थांबली.

"म्हणजे माझा फेटा तूच काढलास होय?" खोंडानं विचारलं.

"हो," ठमी म्हणाली. "तू कोपरा खाल्लास."

खोंड खाली बघायला लागला. कावळा आभाळाकडं बघायला लागला. वानरानं शेपूट मागं लपवलं. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. वाईट वाटलं असेल, पण म्हणालं नाही.

ठमीनं तुरेरावांना कार्ड दिलं. तुरेरावांनी ते खुराड्यावर टांगलं. कोपरा दिसेल असं टांगलं.

मग गर्दीतून मुंगी आली. डोक्यावर तिळगुळाचा इवलासा तुकडा होता.

"घे, ठमी," मुंगी म्हणाली.

ठमीनं तुकडा तोंडात टाकला. गूळ गोड होता. कापलेला ओठ मात्र झोंबत होता.

सरली गोष्ट. आता सांगा बघू, चिचुंद्रीचं नाव काय?