आगटीमाउलीची कहाणी

हातात तांदूळ घ्या, बायांनो. ते दार लोटा, वारा आत येतोय. मागच्या मुलींनो, कुजबुज पुरे, लग्नाचं नंतर बोला. ऐका आगटीमाउली, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं, घाटाच्या माथ्यावर होतं. खाली कोकण, वर उघडं माळरान. तिथला हिवाळा मोठा द्वाड. पौष लागला की रांजणातलं पाणी हाताला चावायचं. माघात वादळ उठायचं, गारा पडायच्या, शाकारलेलं घर एका झटक्यात उघडं व्हायचं. त्या नगरात बिरू नावाचा धनगर राहत होता. घरात म्हातारी आई होती, बायको बयजा होती, रांगती लेक धुरपी होती.

म्हातारीला आगटीमाउलीचा वसा होता. तो वसा कसा? पौषाच्या पहिल्या दिवशी दारात आगटी पेटवावी, शिमग्यापर्यंत विझू देऊ नये. घाट चढून जो येईल त्याला बसवावं. नाव विचारू नये, गाव विचारू नये, काम विचारू नये. आधी शेक द्यावा, मग भाकरी द्यावी, मग त्याला वाचा फुटेल तेव्हा तो सांगेल ते ऐकावं. म्हातारी म्हणायची, "थंडीनं दातखीळ बसलेल्या माणसाला काय विचारायचं? आधी त्याला माणसात तर येऊ द्या."

मग म्हातारी थकली. गुडघे धरले, उठवेना, बसवेना. तिनं वसा सुनेच्या ओटीत घातला. बयजेनं तो हौसेनं घेतला.

दिवाळी झाली. बिरू मेंढरं घेऊन घाट उतरला. जाताना म्हणाला, "शिमग्याला येतो." शिमगा आला, बिरू आला नाही. पाडवा आला, बिरू आला नाही. मृग बरसून गेला, तरी बिरू आला नाही. बरोबरचे गडी मेंढरं घेऊन परतले. म्हणाले, "चार मेंढ्या चुकल्या होत्या, त्यांच्या मागं गेला तो आलाच नाही. आम्ही पुष्कळ हाका मारल्या."

बयजेला घास गोड लागेना. वाऱ्यानं दार वाजलं की उठायची. भाकऱ्या थापताना एक जास्त थापायची, आणि ती कुणी खाल्ली की मनातून चरफडायची. बिरूच्या जागी त्याचं घोंगडं अंथरून ठेवायची, धुरपीला त्यावर लोळू द्यायची नाही. बायांनो, ज्याची वाट पाहायची त्याची जागा घरात फार मोठी होते. बाकीच्यांना मग अंग चोरून बसावं लागतं.

पौष आला. बयजेनं आगटी पेटवली. पहिल्याच दिवशी एक गोसावी आला. अंगावर चिंधी, ओठ निळे. बयजेनं काय केलं? शेक द्यायच्या आधी विचारलं, "गोसावीबाबा, माझे धनी दिसले का?"

गोसावी म्हणाला, "नाही, माई."

"मग पुढचं घर बघा."

दुसऱ्या दिवशी एक कासार आला. "धनी दिसले का?" तो म्हणाला, "बाई, मी त्या वाटेनं आलोच नाही." बयजा म्हणाली, "मग इथं तरी कशाला आलात?" तोही गेला.

तिसऱ्या दिवशी एक भाट आला. वेशीवर त्यानं सगळं ऐकलं होतं. दुरूनच ओरडला, "बिरू धनगराचं घर हेच ना? परवा भेटला की! लाल पटका, खांद्यावर काठी!" बयजेनं त्याला आगटीच्या अगदी जवळ बसवलं, भाकरीवर लोण्याचा गोळा घातला, दूध दिलं. भाट तृप्त झाला. जाताना म्हणाला, "येईल हो चार दिवसांत."

मग काय विचारता! बातमी घाटभर झाली. जो येई त्यानं बिरूला पाहिलेलंच असे. एकाला तो लठ्ठ दिसला, एकाला वाळलेला दिसला, एकाला तर घोड्यावर बसलेला दिसला. म्हातारी आतून म्हणाली, "सूनबाई, माझा लेक एकाच दिवशी चार गावांत जेवला का गं?"

बयजा म्हणाली, "आत्याबाई, तुम्हांला तो यावासाच वाटत नाही."

म्हातारीनं तोंड भिंतीकडं केलं. 

मग माघ आला. पुनवेला तीन दिवस उरले होते. वादळ सुटलं, गारा कोसळल्या. दुपारीच अंधारून आलं. एक माणूस काठी टेकत दाराशी आला. दाढी गारठून ताठ झालेली, जबडा आवळलेला, हातपाय लटलट कापत होते.

बयजा म्हणाली, "धनी दिसले का?" त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

"धनी दिसले का?" त्यानं ओठ हलवले. शब्द फुटला नाही.

"अहो, माझे धनी दिसले का?" त्यानं फक्त आगटीकडं बोट केलं.

बयजेला राग आला. म्हणाली, "बोलायला तोंड नाही आणि शेकायला हात बरे आहेत!" आणि तिनं दार लावून घेतलं. आत म्हातारी हाका मारत होती, "सूनबाई, बसव त्याला, बसव त्याला." बयजेनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

तो माणूस कसाबसा देवळापर्यंत गेला. गुरवानं त्याला पेंढ्यात गुंडाळलं, शेकवलं, गरम पेज पाजली. तिसऱ्या दिवशी त्याची जीभ सुटली, आणि तो तसाच घाट उतरून गेला. मग गुरवीण धावत बयजेकडं आली.

"अगं बयजे, तू कुणाला हाकललंस? तो बिरूचा निरोप घेऊन आला होता. मेंढ्यांच्या मागं जाताना बिरू कड्यावरून पडला, मांडी मोडली, वर्ष होत आलं तरी धरत नाही. परक्या धनगरांनी बरोबर नेलं, आता त्यांचा तळ घाटाखाली आहे, तिथं पडून आहे. म्हणाला होता, माघी पुनवेपर्यंत घोडं घेऊन या. पुनवेला तळ उठणार, मग कुठं नेतील कोण जाणे."

बयजा म्हणाली, "पुनव कधी?"

गुरवीण म्हणाली, "आजच की."

बयजेनं पाटलाचं घोडं मागून घेतलं. रडत, ठेचाळत, लगाम ओढत घाट उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळावर पोचली. तिथं काय होतं? मेंढरांच्या लेंड्या होत्या, चुलीचे तीन दगड होते. तिनं दगडाला हात लावला. दगड गार होता.

बयजा तिथंच बसली आणि मोठ्यानं रडू लागली. तेवढ्यात एक म्हातारी आली. लुगड्याला धुराचा वास, हाताला राख. म्हणाली, "का रडतेस गं?"

बयजेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तुला नवरा हवा होता, म्हणून तू ऊब विकायला बसलीस. खोट्यांनी विकत घेतली. खऱ्याच्या गाठीला काही नव्हतं, तो गारठून गेला."

बयजेनं ओळखलं, ही आगटीमाउली. तिचे पाय धरले. "माउली, चुकले. आता उपाय सांग."

"वसा पुन्हा घे. जो येईल त्याला बसव, शेक दे, भाकरी दे. विचारू नकोस."

"किती हिवाळे करू?"

"विचारू नकोस म्हटलं ना!" माउली म्हणाली, आणि दिसेनाशी झाली.

बयजा घरी आली. सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदरानं आपलेही डोळे पुसले. लेक तिचाही होता ना.

मग बयजेनं वसा केला. पहिला हिवाळा गेला, दुसरा गेला. गोसावी आले, कासार आले, चोरसुद्धा आले. बयजा बसवायची, शेक द्यायची, भाकरी द्यायची. प्रश्न जिभेच्या टोकावर यायचा, ती पदर तोंडात धरायची. तो भाट पुन्हा आला. "बिरूला पाहिला हो!" बयजा म्हणाली, "आधी शेका, भाऊ." भाटानं भाकरी खाल्ली, आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, मी त्याला कधीच पाहिला नाही." बयजेनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. रात्रभर मात्र तिचा डोळा लागला नाही.

तिसरा हिवाळा आला. माघ आला. लिंबाएवढ्या गारा पडल्या, झाडं मोडली, माळ पांढरा झाला. दिवस कलायच्या सुमाराला घोंगडं डोक्यावरून ओढलेला एक माणूस आला. पाय ओढत होता. अंगणाच्या कडेशी थांबला, पुढं येईना. बयजा म्हणाली, "या, बसा." तो बसला. धुरपी आता मोठी झाली होती, तिनं सरकून आपली उबेची जागा त्याला दिली.

त्या माणसानं हात पुढं केले. सगळं जग आधी तळवे शेकतं. त्यानं आधी हात पालथे धरले, मग सुलटे केले. बायांनो, तसं शेकणारा माणूस बयजेला एकच ठाऊक होता.

बयजेच्या काळजानं उडी घेतली. आत्ता विचारू का? आत्ता मिठी मारू का? आत्ता ओरडू का? पण त्याचे दात वाजत होते. बयजेनं पदर तोंडात धरला, आगटीत दोन गोवऱ्या सारल्या, भाकरी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. धुरपी म्हणाली, "आई, रडतेस का?" बयजा म्हणाली, "धूर गेला डोळ्यांत." वारा तर धूर उलटीकडं नेत होता!

आतून म्हातारीनं विचारलं, "सूनबाई, कोण आलंय?"

बयजा म्हणाली, "वाटसरू आहे, आत्याबाई. पार गारठलाय."

"मग बोलायला लावू नकोस त्याला. शेकू दे."

तो आवाज ऐकला, आणि घोंगड्याखालची मान वर झाली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग आवाज फुटला.

"आई, शेकलो गं मी."

आत भांडं पडलं. इतकी वर्षं न उठलेली म्हातारी भिंत धरून, दार धरून, धुरपीचा खांदा धरून बाहेर आली आणि लेकाच्या अंगावर पडली. मायलेक किती वेळ रडले, त्याला मोजदाद नाही.

मग बिरू बयजेला म्हणाला, "माझा निरोप घेऊन आलेल्याला तू शेक दिला नाहीस, असं कळलं होतं. वाटलं, घरानं मला टाकलं. पाय बरा झाला तरी मन इकडं वळेना. आज म्हटलं, कोण ते न सांगता जाऊन बघू. हाकललं तर हाकललं."

बयजा म्हणाली, "खरं तेच कळलं तुम्हांला. मी त्याला हाकललं. तुमच्या ओढीनंच हाकललं."

बिरूनं काठीनं आगटीतला विस्तव सारखा केला. मग म्हणाला, "इतकी वर्षं झाली. काही विचारायचं नाही तुला? आता विचार."

बयजेनं तोंडातला पदर काढला. विचारायला तोंड उघडलं. मग त्याच्या हातांना हात लावून पाहिला, ते ऊन झाले होते. म्हणाली, "काही नाही. भाकरी खा."

जशी आगटीमाउली बयजेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्याची ज्याची वाट पाहताय, तो तुमच्या दारी येवो, आणि येईल तेव्हा तुमची आगटी पेटलेली असो. टाका तांदूळ, बायांनो. साऱ्या हिवाळ्याची कहाणी, एका शेकात सुफळ संपूर्ण.