गार अंगाचा पाहुणा

अंगणातले प्राणी एकमेकांची विचारपूस करत, त्या काळातली ही गोष्ट. पाण्याच्या रांजणाखाली, ओल्या मातीत एक बेडूक राहायचा. एकदा कवडी कोंबडीचा पाय त्याला लागला आणि ती दचकली. "अरे, किती गार पडलायस. माझी पिल्लं अशी गार पडली की वाचत नाहीत."

तिने त्याला चोचीने ढकलत आपल्या डालग्यात नेलं आणि वाळक्या पेंढ्यात पंखाखाली घेतलं. एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं, म्हणून बेडूक तसाच बसून राहिला. दुपारपर्यंत त्याची कातडी सुकली, डोळे मिटायला लागले. कवडीने त्याला आणखी जवळ ओढलं.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "मला रांजणाखाली सोड."

"त्या चिखलात मरशील रे."

"मी इथे मरतोय."

कवडीला पटलं नाही, तरी तिने त्याला परत नेलं. रांजणातून पाझरणारे थेंब त्याच्या पाठीवर पडत राहिले. हळूहळू त्याने डोळे उघडले.

ओलीत पाय आखडून उभ्या असलेल्या कवडीने त्याच्या पाठीला चोच लावून पाहिली. पाठ पुन्हा गार झाली होती.

"म्हणजे आता बरा आहेस," ती म्हणाली, आणि पंख झटकत उन्हात गेली.