सलग रेघ

साल १९६९. चैत्र लागला होता, पाडवा नुकताच झाला होता.

"ही रेघ तू पाहिलीस का?" होनप मास्तरांनी विचारलं.

ढवळे हसला. "मास्तर, रेघ मी काढली."

"ते दिसतंय. पाहिलीस का?"

मास्तर डोंगराच्या पोटातल्या थरांचे नकाशे करत. ढवळे त्यांचा शिष्य, परीक्षेत पहिला आलेला. मी त्यांचा खलाशी, म्हणजे मोजणीवरचा हरकाम्या गडी. तंबू माझा, हातोड्या माझ्या, चहा माझा.

नकाशावर काळा दगड, मधे तांबडा थर, खाली पुन्हा काळा दगड. डोंगरात मुरलेलं पाणी त्या तांबड्यावर अडतं. गावाला विहीर तिथंच हवी होती. सुरुंगाची दारू एकाच विहिरीपुरती होती. दुसऱ्या दिवशी गाव कुदळ मारणार होतं, ढवळेच्या रेघेवर.

"ओढ्यात थर पाहिला. खिंडीत पाहिला," ढवळे म्हणाला. "दोन्हीकडे एकाच उंचीवर."

"आणि मधे?"

"मधे शेत आहे. माती आहे."



मास्तरांनी खिशातून खोडरबर काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

ढवळेचे कान लाल झाले. "खोडून पाणी लागतं का, मास्तर?"

"काढून लागतं का?"

तेवढ्यात ठकूबाई आली. म्हातारी रोज आपल्या घरचा एक हंडा आमच्या तंबूला द्यायची. तिच्या घरी पाणी कोसावरून यायचं. हंडा आदळून ती म्हणाली, "पाणी पिताय, कागद रंगवताय! तोंडं तरी धुता का न्हाई, सायेब?"

"उद्या तुमची विहीर, आजी," ढवळे म्हणाला. "तुमचं पाणी फेडतो."

"फेडशील तवा बोल."

ती गेली. ढवळेनं रागानं रबर फिरवलं. ओढा आणि खिंड तेवढी राहिली. मधे कोरा कागद.

त्या कोऱ्याकडे तो बघत राहिला. जेवला नाही.

उजाडताच कुदळ घेऊन एकटाच शेतात गेला. रेघ होती त्या जागी खणू लागला. मी चूल पेटवली. मास्तर दगडावर बसून दाढी करत होते.

गाव जमलं. पाटील म्हणाले, "मास्तर, मुहूर्त टळतोय. सुरुंग भरू का?"

"थांबा."

"कशासाठी?"

मास्तरांनी वस्तरा पुसला...

आणि शेतातून आरोळी आली.

"काळा! मास्तर, इथं काळाच आहे! तांबडं नाहीच!"

पाटलाचं तोंड उतरलं. ढवळे मात्र नाचत होता. इतका आनंद झालेला चुकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"थर तुटलाय! मधला डोंगर खाली घसरलाय! खाली असणार, खाली!"

तो उतारावरून धावत सुटला. इथं खण, तिथं खण. एक चप्पल बांधावर राहिली. मग बाभळीखाली तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागला.

हात वर केले. कोपरापर्यंत तांबडे.

"ओली आहे! मास्तर, ओली!"

माणसं धावली. मीही धावलो, चहा उतू गेला. मास्तर सावकाश आले. चिमूटभर माती घेतली, बोटात चुरली, नाकाशी धरली.

"पाटील, भरा सुरुंग."

अक्षय तृतीयेला विहिरीत पाणी उभं राहिलं. बायका काठावर ओरडत होत्या, पोरं उड्या मारत होती. ढवळे भिजलेल्या अंगानं तंबूत शिरला आणि त्यानं शाईचा टाक उचलला.

"मास्तर, आता ओढ्यापासून खिंडीपर्यंत रेघ पक्की करतो!"

"खणलंस कुठं?"

"बाभळीखाली."

"कागदावर किती भरेल?"

ढवळे थांबला. नकाशावर बोट ठेवलं. "नखाएवढं."



टाक बराच वेळ हवेत राहिला... मग त्यानं नखाएवढी रेघ सलग काढली. बाकीची, न पाहिलेली, दोन्हीकडे तुटक ठेवली.

ठकूबाईचा हंडा तंबूतच होता. तो त्यानं विहिरीवर भरला, खांद्यावर घेतला, तिच्या दारात नेऊन ठेवला. म्हातारीनं ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. हंडा आत नेला.

ढवळे दारात उभा होता, ती काही म्हणेल म्हणून.

मास्तर वाटेवरून म्हणाले, "चल."