वाटाड्याचा होय

शाळेच्या बाई चार दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसतायत. मुलांच्या पुस्तिकेसाठी बोधकथा द्या म्हणतात. मी चौथीतून घरी बसलेला माणूस. बोध द्यायला गावात सरपंच आहे, गुरव आहे, ग्रामसेवक आहे. त्यांच्याकडे जा म्हटलं तर जात नाहीत, आणि चहा आमच्याच घरचा पितात. तर घ्या. एकदाच सांगीन.

एका घाटमाथ्यावरच्या गावात एक वाटाड्या होता. लपवून काय करू, तो मीच. भिवा परब. शहरातून पक्षी बघायला माणसं यायची, त्यांना मी रानात न्यायचो. सकाळी आणायचं, पक्षी दाखवायचे, दुपारी जेवायला घालून परत गाडीत बसवायचं.

आमचं रान ढगातलं. समुद्राकडून ढग चढतो आणि झाडांत शिरून बसतो. पाऊस नसतो, तरी पानांवरून पाणी ठिबकतं. खोडांना हातभर शेवाळ. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, मग पक्षी कुठला. अशा रानात डोळ्यांपेक्षा कानाने चालावं लागतं आणि ढग सरकेपर्यंत गप्प बसावं लागतं. शहरातल्या माणसाला हे दुसरं जास्त जड जातं.

या माणसांचं पक्षी बघायचं मंडळ होतं, त्याची एक रीत होती. ती चांगली होती, माझीच होती म्हणून नव्हे. जेवण झालं की ओट्यावर वही उघडायची. एकाने पक्ष्यांची नावं वाचायची. प्रत्येक नावाला मी होय म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. होय म्हटलं तर नाव वहीत, आणि ज्यांनी पक्षी पाहिला त्यांची नावं त्याच्यासमोर. नाही म्हटलं तर नाही. नुसता आवाज ऐकला असेल तर तो मागच्या पानावर, वेगळा. वहीतलं घाईचं अक्षर मला लागत नव्हतं, पण माझ्या होयशिवाय तिच्यात काही जात नव्हतं. आठ वर्षं असंच चाललं.

मंडळाचे प्रमुख टिपणीस साहेब. निवृत्त इंजिनियर. माणूस वाईट नव्हता. जळवा चिकटल्या तर ओरडत नसे, तंबाखूचं पाणी लावून पुढे चाले. पण त्यांना एकच पक्षी हवा होता. बेडूकतोंड्या. हा पक्षी रात्रीचा. दिवसा फांदीवर असा बसतो की सुकलेलं पानच वाटावं. शेजारच्या तालुक्यात तो दिसला होता. आमच्या रानात कोणी पाहिला नव्हता. टिपणीस साहेब चार वर्षं त्याच्यासाठी येत होते.

त्या दिवशी दसरा आठ दिवसांवर होता. नऊ जणांना घेऊन मी निघालो. सकाळ बरी गेली. शीळकरी कस्तूर ओढ्यावर दिसला. ककणेराची जोडी डोक्यावरून गेली, पंखांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग ढग आला.

वेलींच्या जाळ्यापाशी टिपणीस साहेबांनी हात वर केला. हळूच म्हणाले, "भिवाकाका, तो बघा. बेडूकतोंड्या."

मी दुर्बीण लावली. फांदीवर मुठीएवढा तपकिरी गोळा होता. चोच दिसेना. डोळा दिसेना. मी म्हटलं, "बसू या."

आम्ही तासभर बसलो. नऊ माणसं ओल्या मातीवर, कोणी खोकत नव्हतं. पक्षी असेल तर श्वास घेतो, पिसं हलतात. एकदा मान वळवेल, एकदा डोळा उघडेल. मी पापणी न लववता बघत होतो. ढग दाट होत गेला. शेवटी फांदीही दिसेना. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

वाटेत टिपणीस साहेब हसत होते. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मागून कोणी म्हणालं, "आता हे रान मासिकात येणार." दुसरा म्हणाला, "मग सगळ्या देशातून लोक येतील."

घरी पोचलो तरी तेच बोलणं चालू होतं, ते आमच्या जावयांनी ऐकलं. जावयांचं घर आमच्या घराला लागून. पाहुण्यांचं जेवण तिथेच. येणाऱ्यांना राहता यावं म्हणून त्यांनी मागे दोन खोल्या नव्या बांधल्या होत्या. मी पाय धूत होतो तिथे ते आले. मला एका बाजूला घेतलं.

"बाबा, होय म्हणा. तुमचा काय जाता?"

"माझा होय जाता," मी म्हटलं.

"एक पक्षी तो. कोण येतला तपासूक?"

"कोण येवचा नाय. म्हणान तर नाय म्हणतंय."

ते गेले. जेवणात भात कमी-जास्त झाला नाही, पण माझ्या पानात त्यांनी स्वतः काही वाढलं नाही. लेकीने वाढलं.

मग वही उघडली. लीलाबाई खानोलकर वाचायला बसल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता घरी असतात. मोठ्याने, स्पष्ट वाचतात. ककणेर. होय. कुर्टुक. होय. कर्णा. होय, खालच्या ओढ्यावर, लाल पोटाचा नर, तुम्ही तिघांनी पाहिला. अशी एक्केचाळीस नावं झाली. मग लीलाबाई थांबल्या आणि टिपणीस साहेबांकडे बघून म्हणाल्या, "बेडूकतोंड्या."

"नाही," मी म्हटलं.

टिपणीस साहेबांनी चष्मा काढला. "भिवाकाका, तुम्ही माझ्या शेजारी बसला होता."

"होतो."

"मग तो कोण होता?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे तो बेडूकतोंड्या नव्हता, असं म्हणताय?"

"असंही म्हणत नाही. मी त्याला पाहिला नाही, एवढंच म्हणतो. मी एक तपकिरी गोळा पाहिला. वहीत गोळा लिहायचा असेल तर होय."

एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. टिपणीस साहेबांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "या गावात मंडळ आठ वर्षं येतंय. पुढच्या वर्षी यावं की नाही, याचा विचार करावा लागेल."

हे मला सांगितलं होतं. पण ते लागलं जावयांना. ते दारात उभे होते. पुढे आले आणि नऊ माणसांसमोर म्हणाले, "साहेब, लिहा तुम्ही. बाबांना हल्ली नीट दिसत नाही. डोळ्यांवर पडदा आलाय."

माझ्या डोळ्यांवर कसलाही पडदा नव्हता. आजही नाही. समोरच्या जांभळीवर मुंगळा चढत होता, तो मला दिसत होता.

आत लेकीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. जावयाला उलट बोलू नये, ही आमच्याकडची पद्धत. मी ती पाळली. मी जावयांकडे बघितलंच नाही. लीलाबाईंना म्हटलं, "बाई, लिहा. बेडूकतोंड्या लिहा."

टिपणीस साहेबांनी मान वर केली.

"पण आधी वरची एक्केचाळीस नावं खोडा. ती या डोळ्यांवर लिहिली आहेत. आणि मागच्या आठ वर्षांच्या वह्या घरी असतील, त्याही खोडा. कारण पडदा कधी आला हे जावयांनी सांगितलेलं नाही."

"तसं नाही, भिवाकाका," एक तरुण मुलगी म्हणाली. तिने आयुष्यातला पहिला कर्णा त्या दिवशी पाहिला होता. वहीकडे अशी बघत होती, जसं तिच्या हातातून कोणी ताट ओढतंय. "कर्णा तर खरा होता."

"खरा होता, म्हणून होय म्हटलं. माझा 'नाही' चुकत असेल, तर माझा 'होय'ही चुकतो. दोन्ही एकाच तोंडातून येतात. एक ठेवायचं आणि एक टाकायचं, असं करता येणार नाही."

टिपणीस साहेब वहीकडे बघत राहिले. त्यांनी लीलाबाईंना लिहा म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही.

लीलाबाईंनी पेन उचललं. मला वाटलं, झालं. पण त्या म्हणाल्या, "माझ्या नावापुढचा कर्णा खोडते. या दोघांनी पाहिला. मी फक्त हललेली फांदी पाहिली. सगळे बघतायत म्हणून मीही मान हलवली." आणि रेघ मारली.

मग एक जण म्हणाला, "माझा कस्तूर मागच्या पानावर टाका. मी शीळ ऐकली, वळलो तोवर तो उडाला होता." दुसरा म्हणाला, "ककणेराच्या जोडीत नर कुठला, मादी कुठली, ते मला कळलं नव्हतं. नर-मादी खोडा." असं करत वही फिरत राहिली. मुलीने आपला कर्णा ठेवला. ठेवायचाच होता. तिने तो नीट पाहिला होता.

बेडूकतोंड्या कोणी लिहिला नाही. टिपणीस साहेबांनी खिशातून आपली छोटी डायरी काढली आणि तिच्यात काहीतरी लिहिलं. त्यांची डायरी, त्यांची मर्जी. तिला माझा होय लागत नाही. चार वाजता गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी एकटा वेलींच्या जाळ्यापाशी गेलो. फांदी होती, गोळा नव्हता. पक्षी असेल तर उडाला. पानं असतील तर गळली. मी खालची माती चाचपली, पीस सापडलं नाही. पानं सापडली, पण पानं रानात सगळीकडेच असतात. म्हणजे मला आजही माहीत नाही. कोणी आज विचारलं तरी मी नाहीच म्हणेन.

पुढच्या वर्षी मंडळ आलं नाही. ते दरीपलीकडच्या गावात जाऊ लागलं. तिथला वाटाड्या सगळ्यालाच होय म्हणतो. आठ वर्षांत न दिसलेले पक्षी तिथे एका सकाळीत दिसतात म्हणे. दिसू देत. जावयांच्या दोन खोल्यांत सध्या गवत भरलं आहे. लीलाबाई मात्र येतात, पाच-सहा जण घेऊन. ती मुलगीही येते. आम्ही ढगात तासन्‌तास गप्प बसतो. कधी कधी दिवसभरात अकराच नावं होतात. लीलाबाई ती अकरा नावं मोठ्याने, स्पष्ट वाचतात.

तात्पर्य: जे नीट पाहिलं नाही, त्याला होय म्हणू नये, समोर साहेब असो की घरचा माणूस. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होयला कोणी विचारत नाही.

हे सगळं होऊन तीन वर्षं झाली. माझ्या डोळ्यांबद्दल नऊ माणसांसमोर जे बोललं गेलं, त्याची माफी अजून मागितलेली नाही, आणि जावई असले तरी ती मागायची आहे दिगंबर गवस यांनी.