तुळाजीचे कागद

फार जुनी गोष्ट. तुमच्या-माझ्या पणज्याच्याही आधीची. शेजारच्या गावात कागद बनायचा, म्हणून या गावात वाण्याकडची हळदसुद्धा कागदाच्या पुडीतून यायची. याच गावात तुळाजी नावाचा म्हातारा राहायचा.

तुळाजीला वाचता येत नव्हतं. पण कागदाला पाय लागला की तो उचलून कपाळाला लावायचा आणि घरात नेऊन ठेवायचा. टाकायचा नाही, जाळायचा नाही. सरस्वती नेमकी कोणत्या कागदात बसलीय, हे अडाण्याला कळणार कसं? फाटकी पंचांगं, जुनी पत्रं, हळदीच्या पुड्या. मागची खोली आढ्यापर्यंत भरली.

मग लेकीचा निरोप आला. पहिलं बाळंतपण, चार महिन्यांनी माहेरी येते.

"तिची बाज काय तुमच्या पंचांगांवर टाकू?" त्याची म्हातारी म्हणाली. "खोली रिकामी करा, नाहीतर मीच तिच्याकडे जाते. तुम्ही बसा सरस्वतीपाशी."

तुळाजी परसात येऊन डोक्याला हात लावून बसला. लेक तर यायला हवी. पण उकिरड्यावर टाकले तर कागद गुरं तुडवणार, माणसंही तुडवणार.

तेवढ्यात माती हलली आणि एक गांडूळ वर आलं.

"मला द्या की, आजोबा."

"तूही तुडवशील."

"कशानं? मला पाय आहेत का?"

तुळाजीनं त्याला पुढून बघितलं, मागून बघितलं. पाय खरंच नव्हते. मग तो असा हसला की म्हातारी चूल सोडून बाहेर आली.

दोघांनी खड्डा खणला. गांडूळ सांगेल तसं केलं: कागद फाडून भिजवायचा, त्यावर भाजीची देठं, शेण, पालापाचोळा, की पुन्हा कागद. जुन्या सरकारी पत्रांवरचे लाखेचे शिक्के तेवढे गांडुळानं परत केले. ते राजालाच खाऊ द्या, म्हणालं.

लेक आली तेव्हा खोली सारवून लख्ख होती आणि खड्ड्यावर भोपळ्याचा वेल माजला होता. नात झाली. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तिच्यापुढं कोरा कागद ठेवावा लागतो. सगळं घर धुंडाळलं, कागदाचा कपटा सापडेना. म्हातारी हसता हसता खालीच बसली.

तुळाजी परसात गेला. परातीएवढं भोपळ्याचं पान खुडून आणलं आणि पाटावर मांडलं.

"हाही कागदच," तो म्हणाला. "गांडुळानं वाचून परत दिलेला."

ती नात पुढं घरात पहिली वाचायला शिकली. वाचून झालेला कागद ती स्वतः खड्ड्यात पोचवायची, दोन्ही हातांनी.

म्हणून सांगतो, ज्याचा मान ठेवायचा त्याला कोंडून घालू नका, कामाला लावा.